विलासच्या बकेट लिस्टला मंडळाच्या हार्दिक शुभेच्छा

आमच्या मंडळाच्या गोष्टी सत्यनारायणाच्या दिवशी दारात साचलेल्या चपलांसारख्या आहेत. आपली एक शोधायला वाकावं तर दुसऱ्यांच्याच दहा हाताला लागतात. गेल्या वर्षी तर ढीगच साचला, कारण विलास परब साठीचा होणार होता आणि त्याआधी त्याने बकेट लिस्ट केली!

मंडळ लालबागचं, आमच्या जुन्या चाळीचं. चाळ पडली, टॉवर झाला, गॅलरी गेली. मग मंडळाच्या बैठका तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये सुरू झाल्या. गाड्यांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसतो आणि कुणाची गाडी निघाली की खुर्च्या उचलून उभे राहतो. सरचिटणीस बाळा सावंत. त्याला निवडून कोणी आणि कधी दिलं, ते कुणालाच आठवत नाही.

बाळाचं एक तत्त्व आहे. नारळ फुटल्याशिवाय आणि आभारप्रदर्शन झाल्याशिवाय जगात काहीही घडलेलं नसतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात शेवटच्या अक्षता पडल्या पडल्या यानं माइक घेतला होता. मांडववाल्याचे आभार मानले, केटररचे मानले, आणि शेवटी म्हणाला, "वधू-वरांनीही वेळात वेळ काढून उपस्थिती लावली, त्याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे!"

* * *

तर बकेट लिस्ट. विलास दादरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. त्याची मुलगी मृणाल बंगलोरला असते. तिने व्हिडिओ कॉलवर बापाला बसवून विचारलं, "बाबा, साठीच्या आत तुम्हाला स्वतःसाठी काय काय करायचंय?" या भल्या माणसाने विचार करून चार-पाच गोष्टी सांगितल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्याने ते बाळाला सांगितलं.

"अरे पण हे माझं पर्सनल आहे," विलास म्हणाला.

"पर्सनल?" बाळाला तो शब्दच झेपला नाही. "आपल्यात पर्सनल काय असतं रे? तुझं अपेंडिक्स काढलं तेव्हा ते बरणीत घालून चाळभर कोणी फिरवलं होतं? मीच ना!"

तीन दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला. 'आमचे मार्गदर्शक विलासजी परब यांच्या बकेट लिस्टला हार्दिक शुभेच्छा!' वर आमच्या वॉर्डाच्या माननीयांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून आख्ख्या कार्यकारिणीचे फोटो. मीही होतो त्यात, गॉगल लावून. विलासचा फोटो कोपऱ्यात होता आणि त्याच्या हनुवटीवर फ्लेक्सवाल्याचा मोबाइल नंबर आला होता.

* * *

पहिली इच्छा, पोहायला शिकायचं. कोकणातला माणूस, पण आईने लहानपणी कधी विहिरीजवळ फिरकू दिलं नव्हतं. दादरला एका तलावाची मेंबरशिप घेतली, चड्डी आणली, टोपी आणली. पहिल्या दिवशी सकाळी बिचारा लाजत लाजत टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर काठावर आख्खं मंडळ उभं! कडक इस्त्रीचे झब्बे घालून!

"शुभ कार्य आहे," बाळा म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने काठाच्या लादीवर नारळ आपटला.

अर्धा नारळ हातात राहिला. उरलेला अर्धा, शेंडीसकट, तलावात. कोच शिट्टी वाजवत धावत आला. "किसने फोडा? किसने फोडा ये?"

बाळाने छाती पुढे काढून विलासकडे बोट दाखवलं. "यजमान हे आहेत."

पाण्याला पाय लागायच्या आत विलासची मेंबरशिप रद्द झाली. संध्याकाळी पार्किंगमध्ये बाळाने जाहीर केलं की पोहणं झालं. विलास म्हणाला, "अरे, कुठे झालं?" त्यावर बाळा शांतपणे म्हणाला, "उद्घाटन झालं ना? मग! आपल्याकडे आणखी वेगळं काय होतं?"

* * *

बासरीचं जास्त सांगत नाही. घरात वाजवली की मांजर समोर येऊन रडायचं म्हणून विलास पार्किंगमध्ये रियाज करायचा. त्याच्या कॉलेजातला केळकर, गिरगावातला, गाण्यातला दर्दी, एकदा मुद्दाम ऐकायला आला. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "विलासराव, आपण फुंकर फार मायेने घालता. भाजल्यावर घालतात तशी."

विलास खचला. त्याला उभारी यावी म्हणून बाळाने पुढच्या रविवारी साथीला ताशा आणला. विलासने घरी जाऊन बासरी मांजरासमोर ठेवली आणि विषय संपवला.

* * *

मग दंडावर टॅटू. बायकोचं नाव, 'शुभांगी'. एवढंच.

यावर बैठक झाली. अक्षर कसं असावं, रंग कुठला, यावर तासभर चर्चा. परळच्या टॅटूवाल्याला बोलावून घेतलं होतं, तो पेंगायला लागला. शेवटी बाळाने विलासचा दंड धरून सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाला, "एवढी मोठी जागा, आणि नुसतं 'शुभांगी'? खाली 'सौजन्य' म्हणून मंडळाचं नाव टाकूया की!"

ठराव एकमताने मंजूर. विलास बाही खाली करून घरी गेला. शुभांगीवहिनी भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही काढलात ते बरं झालं. मला दंडावर गर्दी नको."

* * *

इथे एक जुना किस्सा सांगायलाच हवा. विलासचं लग्न झालं तेव्हा मंडळाने आहेर म्हणून नवराबायकोला महाबळेश्वरची ट्रिप दिली होती. सगळे म्हणाले, वा! आणि ठरल्या दिवशी चाळीसमोर लक्झरी बस उभी राहिली, कारण ट्रिप आख्ख्या मंडळाबरोबर होती! मी खिडकीत होतो. चाळीतली शेवंतामावशीसुद्धा लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर. लॉजवर खोल्या दोन घेतल्या होत्या. एक पुरुषांची, एक बायकांची.

त्या ट्रिपचा एकच फोटो त्यांच्या घरी आहे. मागे दरी, पुढे सगळं मंडळ, मध्यभागी विलास. वहिनींचा चेहरा बाळाच्या कोपराच्या मागे आहे.

परत आल्यावर दोघं दहा बाय बाराच्या खोलीत राहिली. आईवडील, धाकटा भाऊ, मग मृणाल, गावाहून येणारे-जाणारे. आता टॉवरमध्ये वन बीएचके मिळाला तर त्याची चावी बाळाकडे, कारण मंडळाचे ताशे बेडरूमच्या माळ्यावर.

* * *

तर लिस्टमधलं पुढचं, समुद्रासमोरच्या बड्या हॉटेलात बायकोबरोबर दुपारचा चहा. विलासने या वेळी आम्हा कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण वहिनींनी दुपारी चांगली साडी नेसली, ती शेवंतामावशीने लिफ्टमध्ये बघितली. मावशी ऐंशीच्या पुढची, मालवणची, आणि कुठल्याही ग्रुपमध्ये नसून सगळ्या ग्रुपच्या आधी तिला कळतं.

दोघांचा चहा येतोय तोवर काचेच्या दारातून आम्ही आत शिरलो. खोटं कशाला बोलू, मीही होतो. टेबलं जोडायला लावली. काकडीचे एवढेएवढेसे सँडविच आले, ते मावशीने उलटसुलट करून बघितले. "हेच्यान कोणाचा पॉट भरतला?" असं म्हणून तिने पिशवीतून लाडू काढले आणि पांढरे हातमोजे घातलेल्या वेटरच्या हातातही एक ठेवला. बाळाने उभं राहून हॉटेलचे आभार मानले.

वेटर वाकून विलासला म्हणाला, "सर, वेडिंग पार्टी आहे का?"

विलास म्हणाला, "हो. तेहतीस वर्षांपूर्वीची."

परतताना टॅक्सीत मी पुढे, ती दोघं आणि मावशी मागे. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. विलासला हळूच म्हणाल्या, "यापेक्षा कुठेतरी उभं राहून एकेक गोळा खाल्ला असता. काळाखट्टा. दोघांनीच." मावशी म्हणाली, "माका गोळो नको गो, दातांका लागता." मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

* * *

वाढदिवसाच्या आठवड्यात विलास मला हिंदमात्याला घेऊन गेला. साडी घ्यायची होती. दुकानदाराने गादीवर साड्यांचा डोंगर उघडला आणि म्हणाला, "भाभींना घेऊन या ना शेठ, कलर लावून बघतील."

"तिला आणलं तर मागून बस येईल," विलास म्हणाला.

चिंतामणी रंगाची एक निवडली. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "लिस्टमधलं काय राहिलं रे?"

"शेवटचं. मृणालला सांगितलं नाही, बाळाला तर नाहीच. शुभाबरोबर एक आख्खा दिवस. कुठेही. फक्त दोघं." साडीची पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "साठीच्या दिवशी जाणार. कुठे ते तुला सांगत नाही सुऱ्या. तू चांगला आहेस, पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

खरंच होतं. साठ वर्षांच्या माणसाला बायकोला घेऊन पळून जावं लागतंय, याचं मला फार वाईट वाटलं.

* * *

साठीच्या दिवशी तळमजल्याच्या हॉलमध्ये मंडळाने जाहीर सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, केक, समई, दीपप्रज्वलनाला माननीय. पाहुणे जमले, आणि विलासचा पत्ता नाही! घराला कुलूप, दोघांचेही फोन बंद. सगळे मला विचारायला लागले. "कुठे गेले, देवाशप्पथ माहीत नाही," असं मी सांगत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

बाळा घामाघूम. हार सुकत चाललेला. विलास येईपर्यंत कार्यक्रमाची तालीम करून घेऊ म्हणून त्याने फ्लेक्सवाल्याकडून मोठा करून आणलेला विलासचा फोटो सत्काराच्या खुर्चीत ठेवला. हार नीट बसतो का बघायला फोटोला हार घातला. समई पेटते का बघायला समई पेटवली, आणि केकवरची मेणबत्तीही.

नेमके तेव्हाच माननीय आले.

त्यांना दिवसाला पंधरा ठिकाणी जायचं असतं, कुठे काय आहे ते गाडीत कुणीतरी कानात सांगतं, या वेळी राहून गेलं असावं. त्यांनी हार बघितला, समई बघितली, दारातच बूट काढले. फोटोला फूल वाहिलं, हात जोडले, आणि जड आवाजात म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

आणि मंडळ इतकं शिस्तीचं, की सगळे उभे राहिले! बाळासकट! केकवरची मेणबत्ती तशीच जळत होती.

मागच्या रांगेत शेवंतामावशीला डुलकी लागली होती. तिने डोळे उघडले, समोर हे दृश्य. तिने असा काही टाहो फोडला की माननीयांचेही डोळे पाणावले. फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला, आणि बंगलोरहून मृणालचा फोन यायच्या आत खाली 'भावपूर्ण' सुरू झालं. मृणालला समजावता समजावता बाळाच्या नाकीनऊ आले. मावशीला मात्र कुणी समजावू शकलं नाही. ती लिफ्टने वर गेली आणि वहिनींच्या कुलूपबंद दारासमोर बसून राहिली. "पोर एकटा पडला गो माजा," असं वहिनींसाठी रडत. आवाज ऐकून मजल्यावरच्या बायका जमल्या, मग आम्ही.

संध्याकाळी लिफ्ट उघडली.

आधी वहिनी. चिंतामणी रंगाची साडी, केसांत अबोलीचा गजरा, चपला हातात आणि पावलांना ओली वाळू. त्या कशावर तरी हसत होत्या. एवढ्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मावशी अर्ध्या टाहोत थांबली. वहिनींच्या मागून विलास बाहेर आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"रे मेल्या," मावशी म्हणाली, "जितो आसस तू?"

बाळा गर्दी बाजूला सारत पुढे आला. हातात अजून शाल आणि श्रीफळ.

"कुठे होतात तुम्ही?" तो ओरडला. "मंडळाला कळायला नको? कुठे होतात दोघं?"

विलासने वहिनींकडे बघितलं.

वहिनींनी चपला खाली ठेवल्या, पदर सारखा केला, आणि सरचिटणीस बाळा सावंतांना जीभ काढून दाखवली. लांब, टोकापर्यंत, काळाखट्ट्याने जांभळीजर्द झालेली.