‘बघू’ला ग्रीकमध्ये काय म्हणतात

२००९, नोव्हेंबरातला एक रविवार. रक्कम महिना नऊशे डॉलर. हजर: मी, माझी बायको आणि वरच्या मजल्यावर राहणारा, मूळचा करंजा गावचा इंजिन फिटर.

नऊशे डॉलर एका ग्रीक चीफ इंजिनिअरने देऊ केले होते. त्याचं जहाज आमच्या बंदरात दुरुस्तीला असताना फिटरचं काम त्याला पसंत पडलं होतं. आता जहाज कोलंबोला होतं आणि उत्तर संध्याकाळी फोनवर द्यायचं होतं. फिटरच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण तारीख मिळत नव्हती. हो म्हणावं तर वडील, नाही म्हणावं तर नोकरी.

इंजिनिअरला इंग्रजी जेमतेम कळायचं. मी बंदरावरच्या शिपिंग एजंटकडे नोकरीला असल्यामुळे ग्रीक खलाशांशी बोलून चार शब्द शिकलो होतो.

“काका, ‘आय ॲम नॉट शुअर’ला त्यांच्यात काय म्हनतात?”

“‘देन इमे सिगुरोस.’ पण ते नको. फिटरने ‘खात्री नाही’ म्हटलं, तर तो कामाचीच शंका घेईल. ‘ईसोस’ म्हण. म्हणजे कदाचित.”

“त्यापेक्षा सरळ ‘बघू’ म्हणायला सांगा,” बायको म्हणाली.

“‘बघू’ला नाहीच समजतात.”

“ते मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं.”

फोन आला. फिटर ‘ईसोस’ स्वच्छ बोलला. पलीकडून आवाज चढला. नोकरी गेली असं वाटून हा घाबरला आणि ओरडला, “नाय, नाय! तसा नाय, साहेब!” घाईत त्याच्या ‘नाय’चं ‘नै’ होतं. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय. पलीकडून “ब्राव्हो!” आलं आणि फोन बंद झाला.

मी अर्थ सांगितल्यावर त्याने विचारलं, “आमी नाय बोललो आनि त्यानं हो ऐकला?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पनवेलच्या तिकीटवाल्याचा निरोप आला, इंजिनिअरने काढायला लावलेलं शुक्रवारचं कोलंबोचं तिकीट तयार आहे. तेव्हा मीच फोन लावला. बायकोचं बरोबर होतं. ग्रीकमध्येही ‘बघू’ आहे, ‘था दूमे’. मी तेच म्हटलं.

इंजिनिअरने मोडक्या इंग्रजीत विचारलं, “कुठलं था दूमे? येणाऱ्याचं की न येणाऱ्याचं?”

म्हणजे त्यांच्याकडेही दोन ‘बघू’ होते. मी म्हणालो, “येणाऱ्याचं. पातेरास, कार्दिया.” वडील, हृदय.

“हे काल का नाही सांगितलं?” तो म्हणाला. “मार्चमध्ये मी दुसऱ्या जहाजावर जातोय. तोवर जागा ठेवतो. पण या तिकिटाचा खर्च तुमच्या अंगावर.”

फिटर शेजारीच उभा होता. मी फोन ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, “काय बोलला? ने की नाय?”

“ने,” मी म्हणालो. “मार्चमध्ये.”

ऑपरेशन जानेवारीत नीट पार पडलं. मार्चमध्ये तो जहाजावर चढला. तिकीट रद्द करण्याचे अडीच हजार रुपये पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या त्या तिकीटवाल्याला फिटरच्या वडिलांनी स्वतः नेऊन दिले. मुलाला देऊ दिले नाहीत.