बस मागच्या रस्त्याला नेली तेव्हा
आमच्या शहरातल्या मधल्या रस्त्याचा आराखडा मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली, की शेवटी झाला तेव्हा मला धड आनंदही झाला नाही. मी सरकारी नगररचना कचेरीत होतो. त्या रस्त्यावर खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आणि मधे बस, टॅक्सी, माल उतरवणारे ट्रक आणि बाजारच्या पिशव्या घेतलेली माणसं, सगळी एकमेकांच्या अंगावर. माझं म्हणणं साधं होतं. बस मागच्या रस्त्याला न्या, माल सकाळी लवकर उतरवा, मग दिवसभर रस्ता चालणाऱ्यांना द्या. एवढं पटवताना नाकी नऊ आले. दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक पळेल. टॅक्सीवाले म्हणत, आम्ही काय खायचं? साहेब बदलला की नकाशा पुन्हा पहिल्यापासून. सत्तरच्या दशकात सुरू झालेलं हे दळण ऐंशी उलटली तरी संपेना.

त्याच रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानाच्या वर, आम्ही नवराबायको राहत होतो. आई गेली तेव्हा बांना मी बों अक्योय या आमच्या गावाहून आमच्याकडे आणलं. गावच्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यात त्यांना दमा. "बगतो, मन रमलं तर ऱ्हातो," एवढंच म्हणाले. ते राहावेत, म्हातारपणी एकटे पडू नयेत, याखेरीज मला काही नको होतं. बसच्या धुरानं ते खोकू लागले की मला आराखड्याची आणखी घाई व्हायची.

बा दिवसभर व्हरांड्यात बसत. गावाकडची बस नेमकी खाली थांबायची. माणसं खिडकीतून माना काढून वर ओरडत. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, ऊस कुठवर कापला. गावची शेजारीण भाजी पाठवायची. बा दोरीनं पिशवी खाली सोडत, कंडक्टर भाजी तिच्यात टाकायचा, आणि पिशवी वर ओढता ओढता बा विचारत, "की नुवेल रे? काय खबर?" मग मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकेपर्यंत बस हलायची नाही. माझ्या नकाशावर ती जागा कोंडीची म्हणून लाल केलेली होती. कोंडी का होते ते मला पक्कं ठाऊक होतं, पण बांना सांगायला जीभ रेटेना.

अखेर बस मागे गेली. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना खांब रोवले. बायकापोरं मोकळी फिरू लागली. धूर गेला, बांचा खोकलाही उतरला.

जेवताना बायको म्हणाली, "बा, आता कसं त्रांकिल, शांत शांत हाय, न्हाय?"

"त्रांकिल हाय," बा म्हणाले. "पन माज्यासंगं आता कोन बोलनार?"

मला राग आला. आम्ही दोघं काय मुके आहोत? ताट सरकवून उठलो. पण खरं सांगायचं तर घरात आम्ही मुकेच होतो. कचेरीत दिवसभर तोंडाची वाफ दवडून आलं की मला शब्द नको वाटे, आणि बायको शाळेत शिकवून दमलेली असायची. मी बांना नवा बसथांबा दाखवून आणला. तिथं बस येत, भरत, जात. थांबून बोलायला कुणाला सवड नव्हती. बा एकदोनदा गेले, मग नाही गेले. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

एक दिवस म्हणाले, "मी गावाला जातो." मी इथला डॉक्टर सांगितला, जवळचा दवाखाना सांगितला, शेवटी हात टेकले.

निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी आणता येईना, नियम माझाच. ट्रंक खांद्यावर घेऊन मी पुढे, बा मागे. रस्ता सुरेख झाला होता. आराखडा चुकला नव्हता, हे मी आजही म्हणेन. अर्ध्यावर बांना धाप लागली आणि ते एका दुकानाच्या पायरीवर टेकले. समोर एक बाई पोराचा हात न धरता, दुकानं बघत सावकाश चालली होती. बा तिच्याकडे पाहत राहिले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "चालाया लय बरं झालं."

इतक्या वर्षांत त्या रस्त्याबद्दल असं कुणी मला म्हणालं नव्हतं. मी ट्रंक खाली ठेवली. "मग ऱ्हावा की, बा."

"चालाया म्हनलं मी. ऱ्हायाला न्हाय."

आणि उठवण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला.