घड्याळावरचा चीक

केळीच्या चिकाचा वास आला की जळगावचा तो दवाखाना आठवतो. ट्रेडमिलचा चढ जरा वाढवताच वडिलांना धाप लागली. डॉक्टरांनी मशीन थांबवून विचारलं, "दिवसभर बसूनच असता का?" मीच तावातावाने म्हणाले, "छे, रोज मळ्यात फिरतात. मी पुण्यातून मोबाईलवर बघते ना!" पावलं मोजणारं घड्याळ मीच त्यांना घेऊन दिलं होतं. वडील खाली मान घालून म्हणाले, "ते तं मी केळीचे घड वाहणाऱ्या गड्याच्या हाताले बांधतो. तुले बरं वाटे." तेव्हा कुठे मला त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यावरचे चिकाचे काळे डाग दिसले. रोज संध्याकाळी मी फोनवर "आज खूप चाललात!" म्हणायचे आणि ते हसून "हाव ना" म्हणायचे. वडील आता नाहीत. त्या "हाव ना"चा राग मात्र अजून आहे.