आत्याच्या अंगणातल्या बाया

माझी आत्या नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. केडगावात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ती एकटीच राहायची. तिला मोडक्या पुतळ्या जमवायचा नाद होता. कापडाच्या दुकानांत साड्या नेसवून उभ्या करतात, त्या. हात तुटला, नाकाचा टवका उडाला की दुकानदार त्या माळ्यावर टाकून द्यायचे. आत्या ड्युटीवरून येताना त्या मागून घ्यायची आणि रिक्षात शेजारी बसवून आणायची. रिक्षावाले हसायचे. आत्या हसायची नाही.

घरी ती पॉलिशपेपरनं त्यांचा गुलाबी रंग खरवडून काढायची. नाकावर, गालांवर रंगारी वापरतात ती लांबी चढवून नवा चेहरा घडवायची. मग सावळा रंग, कपाळावर गोंदण आणि अंगाला जुनं लुगडं. खर्ड्याजवळच्या आमच्या वस्तीत लहानपणी पाहिलेल्या बाया होत्या त्या. कुणी रस्त्यावर खडी फोडणारी, कुणी बाळंतपणं करणारी. सगळ्या कधीच्याच गेलेल्या, आणि एकीचाही फोटो नव्हता.

"त्यांचा फोटो काढायचं कोनाच्या मनात येनार हुतं?" आत्या म्हणायची.

हळूहळू अंगण भरलं, दारच्या पायरीवरही एक हिरव्या लुगड्यातली बाई बसली. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्याबरोबरची पथनाट्यं करणारी मुलं रविवारी तिथं येऊन बसायची. वाढवलेले केस, खादीचे चुरगळलेले झब्बे, घरी रोजची भांडणं. आत्या त्यांना चहा द्यायची आणि एकेका बाईची हकिगत सांगायची, पायरीवरच्या बाईची तेवढी नाही. मला ते अंगण फार आवडायचं.

वडलांना नाही. ते कचेरीत कारकून. आम्ही बौद्ध, या भागात घर मिळायलाच त्यांना किती उंबरे झिजवावे लागले होते. आता कुठं शेजारपाजारचे आमच्याकडे चहा घेऊ लागले होते. "आक्का, लोकांच्या डोळ्यावर येतंय हे," ते म्हणायचे. आत्या ब्रश धुवत राहायची.

मग आत्याच्या शेजारची लहान मुलगी तापानं फणफणली. आत्यानंच बघून सांगितलं, टायफॉइड दिसतोय, अंगारे-धुपारे नकोत. आपल्या दवाखान्यात नेऊन भरती केलं, ड्युटी संपल्यावरही तिच्या उशाशी बसून राहिली. मुलगी बरी झाली. घरी आल्यावर तिची आई आत्याकडे आली, पाया पडली आणि अंगणाकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमीच वाचवली पोरीला. पन ह्या बाया हितं नका ठिवू. रातच्याला आमच्या खिडकीत बघत्यात."

आत्यानं तिला मुलीच्या गोळ्यांच्या वेळा पुन्हा सांगितल्या.

नंतर गल्लीतले पुरुष आले, ते आत्याकडे नाही, वडलांकडे. मी दारातच होते. त्यांतला एक म्हणाला, "देव सोडले तुमी, आन् आता ही भुतं धरली व्हय? उद्या कुनाच्या पोराला काय झालं तर आमी गप बसनार न्हाई." वडलांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आत्या ड्युटीवर असताना त्यांनी टेम्पो बोलावला. मी कॉलेजातून आत्याकडे गेले, तर अंगण मोकळं आणि वडील खराटा घेऊन झाडत होते.

"कुठं नेल्या?"

"खाणीत टाकल्या. विषय संपला."

आत्या आली. तिनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं हळू आवाजात विचारलं, "पायरीवर बसलेली? हिरव्या लुगड्याची? ती बी टाकली?"

"सगळ्याच टाकल्या, आक्का."

"ती आई हुती आपली."

वडलांच्या हातातला खराटा तसाच राहिला. आजी गेली तेव्हा वडील अंगावर पीत होते. आत्या शाळेत जायची. आईचा चेहरा त्यांना ठाऊकच नव्हता, आणि त्या पायरीवर, त्या बाईशेजारी बसून त्यांनी कितीदा चहा घेतला होता.

"मला सांगितलं का न्हाईस?" वडील एरवी कधी असं बोलायचे नाहीत. त्या दिवशी वस्तीवरची भाषा त्यांच्या तोंडी आली.

"तू वळखशील वाटलं."

वडील तसेच चपला न घालता निघाले. मी मागोमाग गेले. जुनी दगडाची खाण, खोल. टेम्पोवाल्यानं वरूनच पुतळ्या ढकलल्या होत्या. वडील कचेरीच्या कपड्यांतच खाली उतरले. हिरवं लुगडं सापडलं. त्यातल्या बाईचा चेहरा खडकावर आपटून फुटला होता. वडील गुडघ्यांवर बसून तुकडे वेचू लागले. कपाळ मिळालं, हनुवटी मिळाली. मधलं काहीच जुळेना.

"पुन्हा कर, आक्का," घरी येऊन ते आत्याला म्हणाले.

तिनं प्रयत्न केला. वडील रोज संध्याकाळी तिच्यासमोर येऊन बसायचे. गल्लीत आता कोण काय म्हणतं, ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. आत्या लांबी चढवायची, खरवडायची, पुन्हा चढवायची. "आता दिसत न्हाई मला ती नीट," एके दिवशी ती म्हणाली. "मी केली तीच आठवती. आई आठवत न्हाई."

वडील रजा काढून खर्ड्याला गेले. वस्तीतल्या जुन्या बायकांना भेटले. एक म्हणाली, नाक चाफेकळी. दुसरी म्हणाली, छे, बसकं. तिसरीला आजी आठवतच नव्हती, तिनं भलत्याच कुणाचं तरी वर्णन केलं. ते परत आले ते थेट आत्याकडे. जेवायला बसले आणि पहिला घास हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हसायची का गं ती?"

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली.

"कामात असायची," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.