बुधादादा ‘नाही’ म्हणाले होते

बुधादादा काल गेले, आणि मी त्यांच्याशी शेवटपर्यंत खोटं बोललो.

आरआयपी लिहायची घाई करू नका. आधी वाचा.

बुधाजी काठे. आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला कॉन्ट्रॅक्टवर. भीमाशंकरच्या अंगाला त्यांची ठाकरवाडी. आठवडाभर चाकणला खोलीवर, गुरुवारी सुट्टीला वाडीत.
वनहक्काचे दावे, नकाशे, कुठल्या साहेबाकडे फाईल अडकलीय, सगळं तोंडपाठ. वाडी त्यांच्या शब्दावर चालायची.

मी क्वालिटीला. लातूरहून आलेला, कस्टमरच्या कॉलवर घासूनपुसून इंग्रजी शिकलेला.

दोन वर्षांपूर्वी वाकडच्या एका हॉटेलात आदिवासींच्या हक्कांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. नियोजन समितीत आयोजकांना एक स्थानिक आदिवासी प्रतिनिधी हवा होता. कुणीतरी दादांचं नाव दिलं. इंग्रजीपुरता मी.

दादा काय खूश झाले होते राव!
“आजवर आमाला बोलावलं ते नाचायला. ह्या टायमाला ठरवायला बोलावलंय, संतोष.”

वाडीत जाऊन त्यांनी शब्दच दिला. आपले दावे आपण मांडायचे, आपल्या तोंडानं. सगळ्यांनी जायचं.

मग तारीख आली.
नेमकी वाघबारस.

दिवाळीच्या तोंडावर शिवेवरच्या वाघोबाला खिरीचा निवद दाखवायचा हा दिवस. त्या दिवशी दादांच्या वाडीतलं माणूस शीव ओलांडत नाही. कुणी आजारी पडलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात.

आदिवासींची परिषद, आणि आदिवासींना येता येणार नाही असा दिवस. कमाल आहे ना? पण परदेशी पाहुण्यांना तेवढेच दिवस जमत होते.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यात आम्ही समितीच्या कॉलला बसलो. एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या.

दादा शांतपणे म्हणाले, “त्यास्नी सांग. त्या दिवशी आमी येनार न्हाई. तारीख बदला, न्हाईतर समितीतनं माझं नाव काढा.”

मी काय सांगितलं?
“ही इज रिक्वेस्टिंग, इफ पॉसिबल, प्लीज कन्सिडर द डेट.”

आता खरं सांगतो. मला कुणी विकत घेतलं नव्हतं, की धाक घातला नव्हता. कंपनीत कस्टमरला ‘नो’ म्हणायचं नसतं, एवढंच मी दहा वर्षं शिकलोय. पार्ट रिजेक्ट असला तरी ‘वुई विल लुक इन्टू इट’. जिभेला सवयच तशी. तिकडं गोरी माणसं, मोठ्या मॅडम. मला वाटलं, गोड बोलून काम होईल.

“शुअर, नोटेड,” मॅडम म्हणाल्या.

“काय म्हनल्या?”
“नोंद घेतली म्हणतात, दादा.”

दादांचा चेहरा खुलला. गुरुवारी वाडीत सांगून आले, तारीख बदलणार.

महिन्याभरात कार्यक्रमाची पीडीएफ आली. तारीख तीच. खाली लिहिलेलं, स्थानिक आदिवासी प्रतिनिधींशी सल्लामसलत करून ठरवलेली. पहिलं नाव बुधाजी काठे.

आश्रमशाळेतल्या गुरुजींनी ती वाडीत वाचून दाखवली.

एक म्हातारी एवढंच म्हणाली म्हणे, “वाघबारशीला तू व्हय म्हनलास, बुधा?”
“मी न्हाई म्हनलो व्हतो, आये.”
“मंग हितं तुझं नाव कसं?”

भांडण नाही, तंटा नाही. पण पुढच्या गुरुवारी दाव्यांची बैठक झाली आणि दादांना कुणी बोलावलं नाही.

शुक्रवारी ते माझ्यासमोर येऊन बसले.
“संतोष, तू नीट सांगितलं व्हतंस ना?”

तेव्हा तरी बोलायचं ना! नाही बोललो.
“हो दादा. शब्द न् शब्द.”

“मंग त्यांलाच ऐकायचं नव्हतं,” म्हणाले आणि माझ्यासाठी चहा आणायला उठले. तो चहा मी प्यालो. लाज वाटते लिहिताना.

परिषदेला मी गेलो. दादांच्या नावाची पाटी लावलेली खुर्ची दिवसभर रिकामी होती. तरी स्टेजवरून ‘आदिवासींच्या सहभागा’चं कौतुक झालं, टाळ्या झाल्या.

दादा त्या दिवशी वाडीत होते. दरवर्षी खीर तेच वाढायचे. त्या वर्षी पळी दुसऱ्याच्या हातात होती. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत. त्यानंतर गुरुवारीही खोलीवरच राहायला लागले. ओव्हरटाइम मागून घ्यायचे.

काल सकाळी शिफ्टला जाताना रस्त्यातच छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज वाडीत गेलो होतो. शेवटचं उरकलं. त्यांच्या भावानं विचारलं, “तुमी कंपनीतलं का?” ती म्हातारी बाजूलाच बसली होती. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.
“हो, कंपनीतला,” म्हणालो आणि गाडीला किक मारून खाली आलो.

आता हे इथं लिहितोय. तुम्ही हात जोडाल, ‘मन मोकळं केलंस भावा’ म्हणाल. पण ज्यांना सांगायला पाहिजे त्यातलं एकही माणूस इथं नाही. त्यांच्यासाठी बुधा काठे वाघबारस विकून आलेला माणूस म्हणूनच गेला.

परत वर जाऊन सांगेन, असं लिहिणार होतो. खोडलं. मी मला ओळखतो.

दादा, तुम्ही ‘नाही’ म्हणाला होतात. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.
शेवटचा रामराम.