‘हे कोण?’ असं विचारणारी माणसं

“हे शेवटचं प्रकरण काढा, नाहीतर थिसिस परत जाईल,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. सुजाता, माझी विद्यार्थिनी, माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे बघितलं. जवळच्या जिनिंगमधून, सरकी काढायच्या कारखान्यातून, उडालेला कापूस दुपारच्या उन्हात तरंगत होता. व्हायव्हा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, सगळी झोपेत चालल्यासारखी वाटत होती.

मी वर्ध्याला प्राचीन इतिहास शिकवते. जवळच्याच आंजी गावच्या सुजाताचा विषय होता परलोकाची जुनी वर्णनं. ग्रीक-रोमन लेखनात जिवंत माणूस मेलेल्यांत जातो, आपल्या माणसाला मिठी मारू बघतो, हाती काहीच लागत नाही. ज्यू आणि ख्रिस्ती लेखनात बरेचदा सोबत देवदूत असतो. प्रवासी बोट दाखवून विचारतो, “हे कोण?” देवदूत सांगतो, “हे ते, ज्यांनी अमुक केलं.” वाचता वाचता आपणही त्यांच्यामागून चालायला लागतो.

परीक्षकांना खटकलं होतं ते सुजाताच्या वडिलांचं पुण्यानुमोदन. बौद्ध घरांत माणूस गेल्यावर हा कार्यक्रम असतो. वंदना होते, मग लोक उठून गेलेल्याबद्दल बोलतात. ते तिने शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं.

“तुम्ही स्वर्ग मानता?”

“नाही सर. आमच्या घरी कोणीच मानत नाही.”

“मग इथे वडील कशाला?”

सुजाताची पुस्तकी भाषा सुटली. “मी नागपूरले होती सर. बाबाले शेवटचं पाह्यलंच नाई. मंग कार्यक्रमात एकेक जण उठून सांगे. हा तो, ज्यानं उन्हाळ्यात आपली विहीर सगळ्याइले उघडी ठेवली. हा तो, ज्यानं भांडणाऱ्या दोघाइले घरी बसवून चहा पाजला. मले वाटलं, मी बाबासंगंच चालून राह्यली. तिथं देवदूत सांगते, आमच्याइथं गाव सांगते. हे कसं काढू?”

मला रडू येत होतं आणि परीक्षकांचा रागही. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

“राहू द्या,” ते म्हणाले. सुजाता डॉक्टर झाली.

स्टेशनवर सोडायला मी ऑटोत त्यांच्याबरोबर गेले. वाटेत ते म्हणाले, “आईच्या तेरवीला मी पंगत वाढत होतो मॅडम. लोक जेवणाबद्दल बोलले. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.”

“कोण होत्या त्या?” मी विचारलं.

स्टेशन आलं, ऑटोवाला पैसे घेऊन गेला, आम्ही बाकावर बसलो, तरी ते सांगतच होते. त्यांची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. तेव्हापासून परीक्षकांना सोडायला मी जरा लवकर निघते.