दोन बोटं सैल

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं घरचं काम म्हणजे भाताचे भारे बांधणं. शेत आमचं किन्हवलीकडं. ती बांधायची, मी डोक्यावरून खळ्यावर न्यायचो. एक मी बांधला, तो वाटेतच, बांधावर सुटला. ती कंबर धरून हसली. "चाळीस वर्सं झाली, तुमाला पीळ द्यायला नाय आला!" ती डावरी. पेंढ्याच्या बंधाला उलटा पीळ देऊन टोक आत खोचायची, गाठ मारायचीच नाय. गावात दुसऱ्या कोणाला ते जमत नाय.

भूतखेत मी मानत नाय, आजपण नाय. तुमी हसायचं तर हसा, घडलं ते लिवतो.

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. शहापूरला दवाखान्यात नेली. तापात मला ओळखीना, सलाईन उपटलं, खाटेवरून उतरायला बघायची. डॉक्टर म्हणाले, हात बांधावे लागतील. सही मी केली. चौथी शिकलो ती यासाठी...

सिस्टर मुरबाडची पोरगी. तिच्यावर ओरडलो, "बैल हाय का ती?"

"बाबा, बैलाला बांधून माणूस घरी जातो. आजींना बांधून मी इथंच राहणार."

आणि राहिली. मऊ पट्टी, खाली खाटेच्या चौकटीला, ओढली की सुटेल अशी गाठ. घडीघडी यायची, पट्टी आवळली नाय ना म्हणून खाली दोन बोटं घालायची, नखांचा रंग बघायची, कागदावर लिवायची. एकेक हात सोडून चोळायची, ओठ ओले करायची.

"कधी सोडशील?"

"तुमाला ओळखलं की डॉक्टरांना लगेच बोलावते."

मला तेवढंच पायजे होतं. एकदा ओळखावं.

दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी समोर स्टुलावर — उठलो नाय, डुलकी घेतली नाय. सिस्टर आली, वाकली, तशीच थांबली. "बाबा, गाठ तुमी बदललीत?"

बघितलं तर दोन्ही पट्ट्यांना उलटा पीळ, टोक आत खोचलेलं. तेपण खाली चौकटीला, जिथं बांधलेला हात पोचतच नाय. सिस्टरनं बोटं घातली. बरोबर दोन गेली.

"माझे भारे वाटेत सुटतात गो, मला कुठला येतोय हा पीळ!"

तेवढ्यात खाटेवरून आवाज — "आता तरी शिका."

"आजी, हे कोण?" सिस्टरनं विचारलं.

"बिनकामाचा माणूस. नवरा माझा."

सिस्टर हसली, मी रडलो. डॉक्टरांनी तपासून पट्ट्या सोडल्या. विचारलं तिला, तूच बांधलंस का? म्हणाली, "मी तर शेतात होते, भारे बांधत." वाटीभर पेज प्यायली आन् तीच पट्टी घेऊन खाटेच्या दांडीवर मला पीळ शिकवला. पाचदा चुकलो. "उलटा ओ, उलटा! एरवी सगळं उलटंच करता ना?" अख्खा वॉर्ड हसला. सहाव्यांदा जमलं.

पहाटे झोपेतच गेली. हात मोकळे, एक माझ्या हातात.

ती गाठ कोणी बांधली, सिस्टरला नाय कळलं, मलापण नाय.

सकाळी घरी आणली. पुतण्या तिरडीला सुंभाची गाठीवर गाठ मारत होता. म्हणालो, सरक. उलटा पीळ दिला, टोक खोचलं, दोन बोटं घालून बघितली. त्याच बांधावरून नेली तिला.

सुटलं नाय.